आडवी नांगरट

उभ्या राहिलेल्या माणसाला आपला एक पाय दुसऱ्याहून आखूड तर नाही ना अशी शंका यावी, इतक्या उताराच्या रानातून चाळीस-पंचेचाळीस मणांचे यंत्र हाकण्यात माझ्या नोकरीची सोळा वर्षे गेली. आणि त्या सोळा वर्षांत ते यंत्र माझ्या हातून एकदाच कलंडले. ‘एकदाच’ हा शब्द मी पूर्वी अभिमानाने उच्चारीत असे. आता तो अभिमान उरलेला नाही. कारण त्या एका कलंडण्याचा जसजसा मी मनाशी उलटसुलट विचार केला, तसतसे माझ्या ध्यानात आले की, ज्या दिवशी ते कलंडले नाही त्या दिवसांचे श्रेय माझ्या कौशल्याकडे फारसे जात नाही, आणि ज्या दिवशी कलंडले त्या दिवसाचा दोष मात्र उताराकडे मुळीच जात नाही.

मृदसंधारणाच्या कामावर सरकारी ट्रॅक्टरचालक म्हणून मी १९६२ साली रुजू झालो. पहिली चार वर्षे माण-खटावच्या बाजूला, जेथे आभाळ मोठे आणि पाऊस लहान, तेथल्या सपाट माळांवर बांधबंदिस्तीच्या कामात गेली. तेथे ट्रॅक्टर चालविणे म्हणजे काय, हे सांगण्यासारखे फार नाही. सुकाणूचक्र सरळ धरून माणसाने झोप आवरली म्हणजे काम भागे. १९६६ च्या दसऱ्याच्या सुमारास बदलीचा हुकूम हाती पडला आणि मी पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात जाऊन पोहोचलो. एकाच जिल्ह्याच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलो होतो. परंतु देश बदलावा तसा देश बदलला होता. ज्या जिल्ह्याच्या एका टोकाला वीस इंच पाऊस पडला तर लोक देवाला नारळ फोडीत, त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला दीडदोनशे इंच पाऊस पडून गेला तरी त्याचा कोणी विशेष उल्लेख करीत नसे. खोऱ्याच्या तळाशी भाताची खाचरे, त्यांच्यावर डोंगराच्या अंगाला चिकटलेली वरकस राने. त्या रानांत पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग कारळा, आणि मग जमिनीने दम घ्यावा म्हणून काही वर्षे पड. ज्यांच्या पूर्वजांना सवड आणि दगड दोन्ही मिळाले, त्यांच्या रानांना कोरड्या दगडी ताली होत्या. उरलेली राने देवाने निर्माण केली तशीच उतरती होती.

कचेरीतून मला जो आदेश मिळाला त्यात एकच गोष्ट वारंवार सांगितली होती, ती अशी की, नांगरट उताराला आडवी, समपातळीतच झाली पाहिजे. आदेश योग्य होता, याविषयी आजही माझ्या मनात संदेह नाही. दीडशे इंच पावसाच्या मुलखात उताराच्या दिशेने ओढलेले प्रत्येक तास हे पाण्याला दिलेले आमंत्रणच असते. ज्येष्ठात ओढलेली बोटभर रुंदीची रेघ भाद्रपदात हातभर खोल घळ होऊन बसते आणि त्या घळीतून गेलेली माती पुन्हा वर आणण्याची विद्या कोणत्याही खात्याजवळ नाही. आडवे तास मात्र पाण्याला दर हातावर अडवीत, थोपवीत, जिरवीत नेते. सारांश, जमिनीचे हित आडवे जाण्यात आहे. परंतु ज्या यंत्राने ती आडवी नांगरायची, त्या यंत्राचे हित नेमके उभे जाण्यात, म्हणजे चढाला सरळ तोंड करून किंवा सरळ पाठ करून चालण्यात आहे, ही गोष्ट आदेशात नव्हती. बैलाला हा प्रश्न कधी पडला नव्हता. तो जसा उभा जाई तसाच आडवाही जाई, कारण त्याचे चारही पाय स्वतंत्र असून ते कोठे टाकावेत याचा निर्णय तो स्वतः करीत असे.

यंत्राच्या या स्वभावाचे मूळ काय, ते मला प्रशिक्षणाच्या वर्गात एका वयस्क शिक्षकांनी खडूने फळ्यावर काढून दाखविले होते, आणि मी ते वहीत उतरवून घेऊन विसरूनही गेलो होतो. चार चाकांचा ट्रॅक्टर, ते म्हणाले, खरे पाहता तिवईसारखा तीन पायांचा असतो. मागची दोन चाके हे त्याचे दोन पाय. पुढचा आस मात्र मधोमध एकाच खिळीवर झुलता बसविलेला असतो, म्हणजे पुढची चाके खड्ड्यांतून वरखाली झाली तरी धड सरळ राहावे. त्यामुळे पुढे दोन चाके दिसली तरी आधाराचा बिंदू एकच, ती खिळी. या तीन बिंदूंचा त्रिकोण जमिनीवर कल्पावा आणि ट्रॅक्टरच्या भारमध्यातून एक ओळंबा सोडावा. ओळंबा त्रिकोणाच्या आत पडतो तोवर ट्रॅक्टर उभा, बाहेर पडला की आडवा. भारमध्य मागच्या आसाच्या थोडासाच पुढे, आणि जमिनीपासून अडीच फुटांवर. त्रिकोण पुढे निमुळता होत जातो, म्हणून बाजूला कलंडण्यापुरती आपल्याला वाटते तेवढी रुंदी त्याच्या वाट्याला येत नाही.

उभे जाण्यातही धोके आहेत, पण ते वेगळ्या जातीचे. चढावर ओझे ओढताना ट्रॅक्टर नाक उचलतो. त्याची मोठी चाके कशात तरी अडकली आणि इंजिनाचा जोर मात्र चालूच राहिला, तर चाकांना फिरता येत नाही म्हणून ट्रॅक्टरच आसाभोवती फिरू लागतो, आणि मागे उलथून पडायला त्याला दीड सेकंदही पुरे होतो. तेवढ्या अवधीत माणसाचा पाय क्लचवर पोहोचत नाही. आयर्लंडच्या उत्तरेकडील हॅरी फर्ग्युसन या गृहस्थांनी १९२६ साली ज्या तीन-सांधी जोडणीचे पेटंट घेतले, तिच्या मुळाशी हीच भीती होती. नांगराचा फाळ दगडाला अडला की मागे नुसता दोरासारखा बांधलेला नांगर ट्रॅक्टरला मागे उलथून टाकी. फर्ग्युसनच्या जोडणीत मात्र तोच धक्का वरच्या दांड्यातून पुढे ढकलला जाऊन नाक खाली दाबतो. पण ही करामत नांगरापुरतीच आहे. ट्रॉली किंवा ओंडका ओढायचा तर तो खालच्या हुकालाच अडकवावा. वरच्या दांड्याच्या खिळीला साखळी बांधून ओंडके ओढणारे शूर लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांपैकी एकाच्या दहाव्यालाही गेलो आहे. फारच तीव्र चढ असेल तर ट्रॅक्टर पाठमोरा, रिव्हर्समध्ये चढवावा, म्हणजे जड बाजू वर राहते. ते दिसायला हास्यास्पद दिसते, आणि माझ्यावर गावातली पोरे हसलीही.

उतरताना वेगळेच. ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्याच चाकांना असतात, आणि उतारावर सारा भार पुढच्या चाकांकडे सरकल्यामुळे, ज्या चाकांनी धरायचे तीच हलकी होतात. म्हणून जो गिअर चढायला लागेल तोच उतरायला घालावा, आणि तो माथ्यावर असतानाच घालावा. त्या काळच्या आमच्या गाड्यांचे गिअर सरकते होते. चालत्या उतारावर तिसऱ्यातून काढलेला गिअर दुसऱ्यात बसेलच याची शाश्वती नसे, आणि मधल्या वेळात ट्रॅक्टर कोणाचाच नसे. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रलवर गाडी सोडणारे काही सहकारी मला भेटले. त्यांनी वाचविलेल्या डिझेलचा हिशेब मी केला नाही.

आता त्या दिवसाकडे यावे. मार्गशीर्ष लागला होता. गावाच्या वरच्या अंगाला, तालीविना मोकळे पडलेले एक वरकस रान होते. उतार शंभराला वीस. मालक साठीच्या घरातले, सारा गाव त्यांना तात्या म्हणे, मीही म्हणू लागलो. रानाच्या कडेला घोंगडी पसरून ते बसले होते. माझ्याजवळ दोन फाळांचा साधा नांगर होता, म्हणजे माती एकाच, उजव्या हाताला पलटणारा. असा नांगर चालविताना ट्रॅक्टरची उजवी चाके नुकत्याच पडलेल्या तासात उतरून चालतात. ज्याला हे ठाऊक आहे त्याच्या चटकन लक्षात येईल की, डोंगर उजव्या हाताला ठेवून आपण चाललो, तर तासात उतरलेले चाक वरच्या अंगाचे असते. म्हणजे तास आपल्याला उलट सरळ करते आणि माती डोंगराच्या बाजूला, वर पलटली जाते. त्या एका फेरीत जमिनीचे हित आणि यंत्राचे हित यांचे भांडण मिटते. परंतु शेवटाला पोहोचून परतताना डोंगर डाव्या हाताला येतो. आता नांगर टाकला तर माती उताराकडे पडते, आणि तासातले चाक खालच्या अंगाचे होते. उताराने दिलेल्या कलंडण्यात तासाची भर पडते. म्हणून शहाण्याने परतीची फेरी नांगर उचलून, रिकामी करावी, हे उघड आहे.

मला ते उघड नव्हते असे मी म्हणणार नाही. सकाळी चार फेऱ्या मी रिकाम्या केल्याही. पण अहवालाच्या रकान्यात एकर भरावे लागत, रिकाम्या फेऱ्यांना रकाना नव्हता. त्या पंधरवड्यात माझे एकर कमी भरले होते, आणि शेजारच्या तालुक्यातला चालक, जो भातखाचरांच्या सपाटीवर काम करीत होता, त्याच्या आकड्याशी माझ्या आकड्याची तुलना सर्वांसमक्ष झाली होती. दुपारनंतर पट्ट्याच्या वरच्या कडेने जावे आणि खालच्या कडेने नांगरतच परतावे, असा बेत मी केला. दोन फेऱ्या निर्वेध झाल्या. मनुष्याला धीर यायला दोन फेऱ्या पुष्कळ होतात.

तिसऱ्या परतीच्या फेरीत, गवतात झाकलेल्या एका दगडावर डावे मागचे चाक चढले. दगड सहा इंचांहून मोठा नव्हता. चालकाची बैठक आपल्याखालून निघून जात आहे अशी जाणीव मला झाली. त्या क्षणी दोन गोष्टी करणे युक्त होते: पुढची चाके उताराकडे वळवावयाची, म्हणजे यंत्र घसरत का होईना पण उभ्याने खाली गेले असते, आणि नांगर जमिनीतच राहू द्यावयाचा, कारण जमिनीत रुतलेला फाळ नांगरासारखाच, पण गलबताच्या नांगरासारखा, धरून ठेवतो. मी दोन्हींच्या उलट केले. भीतीने माणूस दरीकडे तोंड करीत नाही. मी चाके डोंगराकडे वळविली आणि हायड्रोलिकचा दांडा ओढून नांगर वर उचलला. जे धरून होते ते सोडले, आणि जे खाली होते ते वर घेतले. ट्रॅक्टर उजवीकडे झुकला तो झुकलाच.

खालच्या बांधाला एक जुना हिरडा होता. उजवे मडगार्ड त्याच्या बुंध्यावर आदळले आणि ट्रॅक्टर तेथेच, निम्मा आडवा होऊन, टेकून राहिला. मी बैठकीवरून सरकून मडगार्ड आणि बुंधा यांच्या कोपऱ्यात पडलो. गळ्याखालचे हाड मोडल्याचा आवाज मला स्वतःला ऐकू आला. हिरडा चार हात अलीकडे किंवा पलीकडे असता, तर हे अनुभवकथन दुसऱ्या कोणाला तरी, आणि पुष्कळच थोडक्यात, लिहावे लागले असते. त्या वेळी आमच्या ट्रॅक्टरांना डोक्यावर काहीही नसे. चालकाच्या डोक्यावर पोलादी कमान असल्याशिवाय नवा ट्रॅक्टर विकता येणार नाही, असा कायदा स्वीडनने १९५९ सालीच केला होता, हे मी फार पुढे वाचले. वाचताना प्रथम तो हिरडाच डोळ्यांपुढे आला.

इंजिन बंद करण्याचे भान मला राहिले, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. तात्या धावत आले. त्यांनी आधी मला ओढून काढले, घोंगडीवर निजविले, पाणी पाजले, आणि मग ट्रॅक्टरकडे बराच वेळ पाहत उभे राहिले.

“डायव्हरसाहेब,” ते म्हणाले, “बैल पाय टाकायच्या आदी खाली बगतंय. ह्याचं डोळं कुटं हायती?”

“तात्या, त्याचे डोळे म्हणजे आम्हीच की.”

“मग तुमी बगितलं न्हाई का?”

या प्रश्नाला मी उत्तर दिले नाही. हाडाच्या वेदनेची सबब तयार होती.

दुसऱ्या दिवशी चार जोड्या बैलांनी आमचे यंत्र सरळ केले. वरच्या अंगाने नाडे बांधून बैल ओढीत होते, आणि ट्रॅक्टर एकदम वर येऊन दुसऱ्या बाजूला आपटू नये म्हणून खालच्या बाजूने दहा-बारा गडी चऱ्हाटे ताणून धरून होते. ज्या बैलांना निवृत्त करण्यासाठी ते यंत्र डोंगरावर आणले गेले होते, त्यांनीच त्याला उठवून उभे करावे, यातला विनोद गावाला न सांगता समजला. फार सभ्यपणाने ते हसले नाहीत. कराडहून आलेल्या मिस्त्रीने ट्रॅक्टर लगेच चालू करू दिला नाही. आडव्या पडलेल्या इंजिनात तेल सिलिंडरमध्ये शिरलेले असते, आणि तेल काही हवेसारखे दाबले जात नाही. तसेच चालू केले तर आतले दांडे वाकतात. त्याने इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरविले, तेव्हा काळ्या तेलाच्या पिचकाऱ्या उडाल्या. हे ज्ञान मला त्या दिवशी प्रथम झाले आणि पुढे दोनदा दुसऱ्यांच्या उपयोगी पडले.

पंचनाम्यात अपघाताचे कारण ‘जमीन अतिउताराची असल्यामुळे’ असे नोंदविण्यात आले. डावा हात झोळीत होता, उजव्याने मी खाली सही केली. कोणावर ठपका नाही, दुरुस्तीचा खर्च मंजूर, प्रकरण दप्तरी दाखल.

हाड जुळेपर्यंत सहा आठवडे मला करण्यासारखे काही नव्हते. तेव्हा मी ती जुनी वही काढली आणि फळ्यावरच्या त्या तिवईचे गणित, ढोबळ का होईना, माझ्या स्वतःच्या ट्रॅक्टरला लावून पाहिले. मागच्या चाकांमधले अंतर ४८ इंच होते. म्हणजे मधल्या रेषेपासून चाक २४ इंचांवर. भारमध्याजवळ त्रिकोण निमुळता झाल्यामुळे त्यातले १६ इंचच हिशेबात धरता येत. उंची ३० इंच. सोळाला तीस, म्हणजे कलंडण्याची सीमा २८ अंशांची. आता त्या दुपारचा जमाखर्च. शंभराला वीस उतार म्हणजे सव्वाअकरा अंश. खालच्या चाकाखाली ८ इंच खोल तास, ४८ ला ८, म्हणजे साडेनऊ अंश. वरच्या चाकाखाली ६ इंचांचा दगड, ४८ ला ६, म्हणजे सात अंश. बेरीज पावणेअठ्ठावीस. राहिलेला पाव अंश माझ्या सुकाणूच्या झटक्याने आणि खालच्या भुसभुशीत मातीने आनंदाने भरून दिला.

ते आकडे मी पुनःपुन्हा पाहिले. तीन रकमांच्या त्या बेरजेत उताराची रक्कम निम्म्याहूनही कमी होती, आणि तीच तेवढी डोंगराची; साडेनऊ अंशांचे तास मी स्वतः पाडले होते, आणि सात अंशांचा दगड, सकाळी रान पायांनी तुडविले असते तर, मला सापडला असता. परतीची फेरी रिकामी केली असती तर ती बेरीज सव्वाअठराच्या वर गेली नसती. शिवाय ४८ इंचांचे ते अंतर! मागच्या चाकांच्या तबकड्या उलट्या बसवून चाके चार-चार इंचांनी बाहेर सारता येतात. ६० इंचांवर नेली असती तर सीमा साडेतेहतिसाच्याही पुढे गेली असती, आणि तोच उतार, तेच तास, तोच दगड मिळून बेरीज साडेचोविसावर थांबली असती. पण चाके सारली की नांगराचे जोडही सरकवावे लागतात, त्यात अर्धा दिवस जातो, आणि ट्रॅक्टर माझ्या ताब्यात आला तेव्हा चाके ४८ वर होती, म्हणून ती ४८ वर राहिली. ‘जमीन अतिउताराची असल्यामुळे’ हे शब्द त्यानंतर मला जेथे जेथे दिसले, तेथे तेथे मी ते शंकेने वाचू लागलो.

कामावर परतल्यावर मी प्रथम चाके बाहेर सारली, आणि मागच्या दोन्ही टायरांत तीन-चतुर्थांश पाणी भरले. एकेका टायरात शंभर लिटरांहून अधिक पाणी मावते, आणि ते भारमध्याच्या खाली बसते, म्हणून तिवईचे बूड जड होते. सुताराकडून एक लाकडी त्रिकोण करून घेतला, त्याला ओळंबा बांधला, आणि नवे रान आले की आधी काठी व तो त्रिकोण घेऊन सबंध रान पायी फिरू लागलो. दगड, बिळे, जुन्या झाडांच्या कुजलेल्या खोडांचे खड्डे, पाझराने ओली राहिलेली जागा. विशेषेकरून वळण्याची जागा, कारण सरळ चालताना बचावलेला ट्रॅक्टर वळताना पडतो, आणि वेग दुप्पट केला तर वळणावर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. सकाळी दहिवर वाळेपर्यंत गवताळ उतारावर मी ट्रॅक्टर घालीत नसे. लोकांना हा आळस वाटे.

एका प्रथेशी मात्र मला वर्षानुवर्षे झगडावे लागले. ट्रॅक्टर झुकतो असे वाटले की वरच्या बाजूच्या मडगार्डवर दोन-तीन गडी बसवायचे, अशी त्या भागात रीत पडली होती. वजन वरच्या बाजूला पडते, हे खरे. पण ते वजन भारमध्याच्याही वर बसलेले असते, आणि मुख्य म्हणजे त्या वजनाला बायकापोरे असतात. “आम्ही धरून बसतो, साहेब,” असे ते म्हणत. मी उतरून खाली उभा राही आणि ते उतरेपर्यंत चढत नसे. आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे, आणि ती माझ्या गौरवाची नाही. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात, रानात वळताना सोयीचे म्हणून. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल एका पट्टीने जोडायचे असतात. ती पट्टी जोडायला विसरून मी एकदा घाट उतरू लागलो, उजवे पेडल दाबले, आणि ट्रॅक्टर गर्रकन उजवीकडे, सुदैवाने डोंगराच्या कुशीत, जाऊन थांबला. माणसाला एका धड्यावर सगळी विद्या येत नाही.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. घरे पडली, माणसे दगावली. त्या दुःखापुढे तालींचे नाव कोण घेणार? परंतु महिन्या-दोन महिन्यांनी लोक पुन्हा रानाकडे वळले, तेव्हा आमच्या बाजूच्या पुष्कळ ताली ढासळलेल्या आढळल्या, आणि त्या पुन्हा रचण्यासाठी तगाईचे अर्ज येऊ लागले. त्याबरोबर एक नवा प्रश्न उभा राहिला. जुन्या ताली दहा-दहा फुटांच्या. त्यांत ट्रॅक्टर शिरत नाही, शिरला तर वळत नाही. आता रचायच्याच आहेत, तर वीस-पंचवीस फूट रुंद रचाव्यात, म्हणजे उताराचा प्रश्नच मिटेल, यंत्र सपाटीवर चालेल आणि नांगरटही आडवीच राहील, अशी सूचना कचेरीतून आली. मी तिचा मोठा समर्थक होतो. ट्रॅक्टर स्थिर करण्यापेक्षा जमीनच स्थिर करावी, हा विचार मला फार सुंदर वाटला.

तात्यांच्या शेजारच्या रानात ताल मोजायला मी टेप घेऊन गेलो. त्यांनी मला पहारीने एक खड्डा काढून दाखविला. दीड फुटावर मुरूम लागला. “हितनं खाली कायबी उगवत न्हाई,” एवढेच ते म्हणाले. मी घरी येऊन पुन्हा गणित मांडले. शंभराला वीस उतारावर दहा फुटांची ताल सपाट करायची, तर मागच्या अंगाला एक फूट माती कापावी लागते व ती पुढे टाकावी लागते. दीड फुटातून एक फूट गेली तरी अर्धा फूट उरते, नाचणीची मुळे त्यात तग धरतात. वीस फुटांची करायची, तर मागे दोन फूट कापावे लागणार. म्हणजे मातीखाली अर्धा फूट मुरूमही खणून, तो पुढच्या चांगल्या मातीवर पसरावा लागणार. दहा फूट हा आकडा बैलाच्या सोयीसाठी असेल अशी माझी समजूत होती. तो जमिनीच्या खोलीने दिलेला आकडा होता, आणि कोणा अक्षरशत्रू पूर्वजाने तो पहारीने वाचला होता.

त्या शिवारातील अठरा अर्जांपैकी अकरांवर मी ‘ही जमीन ट्रॅक्टरयोग्य नाही, ताल पूर्वीच्याच मापाने बांधावी’ असा शेरा लिहिला. वरिष्ठ नाराज झाले. यंत्रचालकाने यंत्राविरुद्ध शेरा लिहावा, हे त्यांना विपरीत वाटले, आणि माझ्या गोपनीय अहवालात त्याचे प्रतिबिंब पडले असेही कानावर आले. पण शेरे टिकले. पुढे १९७२ च्या दुष्काळात मला पूर्वेकडे, जुन्या सपाट मुलखात, बंधाऱ्यांच्या कामांवर माती वाहायला पाठविले, तेव्हा हे अकरा शेरे मी मनातल्या मनात जपून नेले. आयुष्यात केलेल्या कामांपैकी हेच काम निर्दोष झाले, असे मला वाटत असे.

दोन वर्षांपूर्वी नातवाच्या गाडीतून त्या गावी गेलो होतो. तात्या जाऊन चाळीस वर्षे झाली. त्यांचा मुलगा मुंबईला गिरणीत होता, नातू नवी मुंबईत असतो. घर बंद आहे, गणपतीला उघडते. काठी टेकीत मी वरच्या रानात चढलो. ज्या सात रानांना मी ट्रॅक्टरयोग्य म्हटले होते, त्यांपैकी चारांत कोणी आंबा, कोणी काजू लावला आहे, आणि एकाच्या कडेला लाल रंगाचा छोटा ट्रॅक्टर उभा होता. त्याला कमान होती, पट्टाही होता, आणि तो पट्टा बैठकीच्या मागे नेऊन कायमचा अडकविलेला होता, म्हणजे बांधावा लागू नये. चालक तरुण होता. त्याला मी म्हणालो, “बाळा, कमान आहे तर पट्टा बांध, पट्ट्याशिवाय कमानीखालून माणूस बाहेर फेकला जातो आणि मग ती कमानच त्याच्यावर येते.” त्याने आदराने मान डोलाविली. पट्टा काही त्याने सोडविला नाही.

त्याच्याही वर, माझ्या शेऱ्यांची अकरा राने. ताली शाबूत आहेत, दगडावरचा दगड हललेला नाही, माती एक कण खाली गेलेली नाही. परंतु गावात बैलजोडी उरलेली नाही, आणि दहा फुटांच्या तालीत दुसरे काही वळत नाही. पॉवर टिलरने एक-दोघांनी काही वर्षे नाचणी केली. तो वरपर्यंत चढवायला चार माणसे लागत, आणि चार माणसे आता गावात एका वेळी सापडत नाहीत. अकराही रानांत घाणेरी माजली आहे. तिच्यातून वाट काढीत मी एका तालीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो आणि सवयीने काठीने रुंदी मोजली. दहा फूट भरली.

खालच्या अंगाला तो हिरडा अजून आहे. मडगार्ड जेथे आदळले होते तेथे सालीचा एक ओठ वाढून जखम जवळजवळ मिटली आहे. बोट आत घातले की मात्र तळाशी लाकूड लागते. नातू खालून हाका मारीत होता, उशीर होतोय म्हणून. उतरताना त्याने हात धरायला पुढे केला, आणि मी त्याला म्हणालो की, तू खालच्या बाजूला राहू नकोस, वरच्या बाजूने चाल.